नाटकात ट्रान्स पात्र आहे? मग ऑडिशनच्या आधीपासून सुरुवात करा

बरेचदा होतं काय, स्क्रिप्ट तयार, प्रयोगाची तारीख ठरलेली, आणि मग कुणाला तरी आठवतं की अरे, ते ट्रान्स बाईचं (म्हणजे जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंद झालेल्या बाईचं) काम कोण करणार? मग ग्रुपमधल्याच एखाद्या चांगल्या नटाला विग लावून उभा करतात. तो जीव ओतून करतो, पण प्रेक्षक घरी जाताना डोक्यात घेऊन जातात तो बाईचे कपडे घातलेला पुरुष, आणि ट्रान्स बाई म्हणजे हेच असं त्यांना वाटत राहतं. मला याचा खरंच त्रास होतो.

'अभिनय म्हणजे दुसरं कुणीतरी होणंच ना, शेक्सपिअरच्या काळी मुलगेच स्त्रीपार्ट करायचे' असं लगेच कुणीतरी म्हणतं. हो, कारण तेव्हा इंग्लंडच्या व्यावसायिक रंगमंचावर बायकांना जागाच नव्हती, ती १६६० पासून मिळाली. अमेरिकेतल्या ब्रॉडवे नाटकांचे टोनी पुरस्कार १९४७ ला सुरू झाले आणि उघडपणे ट्रान्स असलेल्या कलाकाराला अभिनयाचं पहिलं नॉमिनेशन मिळालं थेट २०२२ ला, एल मॉर्गन ली यांना. म्हणजे स्वतःचं काम करायला सुद्धा इतकी वर्षं थांबावं लागलं.

तर आधी स्क्रिप्ट घ्या. त्यातला 'ही ट्रान्स आहे' हे कळण्याचा सीन काढून टाकून बघा, पात्राला करायला काही उरतं का? तिला काही हवंय का, ती कुणाशी भांडते का, चुकते का? काहीच उरत नसेल तर कास्टिंग राहू द्या, लेखकाकडे परत जा. आणि ट्रान्स व्यक्तीकडून स्क्रिप्ट वाचून घेणार असाल तर त्या कामाचे पैसे द्या, ते 'जरा नजर टाक ना' मध्ये ढकलू नका.

ऑडिशनच्या फॉर्मवर फक्त स्टेजवर वापरायचं नाव विचारा, कागदपत्रांवरचं नाव करार करताना लागेल तेव्हा एकाच माणसाकडे राहू दे. तू ट्रान्स आहेस याचा पुरावा काय, ऑपरेशन झालंय का, हे विचारायचंच नाही. आणि नुसत्या ट्रान्स भूमिकेसाठीच बोलवू नका, डॉक्टर, वकील, शेजारीण यासाठी पण बोलवा.

मराठीत तालीम करणाऱ्यांनी एक गोष्ट नीट लक्षात ठेवायची, आपल्याकडे नुसतं 'तो-ती' सांभाळून भागत नाही, क्रियापदच सगळं सांगून टाकतं. आमच्या एका तालमीत प्रॉम्प्टरने विंगेतून सहज ओरडून विचारलं, 'आलास का रे?' आणि आमची नटी दारातच थांबली, बॅग खांद्यावरच, पुढचा अर्धा तास तिचं एक वाक्य धड लागलं नाही. त्यामुळे पहिल्या वाचनालाच प्रत्येकाला विचारून घ्या, आलास, आलीस की आलात, आणि बॅकस्टेजच्या लोकांना पण सांगा. चुकलं तर लगेच सुधारून पुढे जा, माफीचं भाषण नको, त्याने तिचीच पंचाईत होते.

गाणी असतील तर हे आधीच बोला. काही ट्रान्स पुरुष टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) घेतात, ते घेतल्यावर आवाज खाली उतरतो आणि तो बदल कायमचा असतो, पण बसायला बरेच महिने लागतात, म्हणजे ऑडिशनला लागलेली पट्टी प्रयोगाला लागेलच असं नाही. उलट ट्रान्स बायका घेतात त्या इस्ट्रोजेनने (स्त्री हार्मोनने) आवाज वर जात नाही. म्हणून संगीत दिग्दर्शकाला सांगा की पट्टी शेवटपर्यंत मोकळी ठेवा, कलाकाराला खेचू नका.

छाती सपाट दिसण्यासाठी काही जण बाइंडर, म्हणजे छाती घट्ट दाबून धरणारा आतला कपडा, घालतात. तो साधारण आठ तासांच्या वर घालू नये असं सांगतात, आणि नाच-मारामारी करताना त्यात श्वास कोंडतो. त्यामुळे दिवसभराची तालीम असेल तर मधे मोठा ब्रेक द्या आणि आतून कडी लागेल अशी एक खोली द्या, कपड्यांची ट्रायल पण तिथेच, सगळ्यांसमोर नाही.

शेवटी पोस्टर आणि ब्रोशर. छापायला जायच्या आधी नाव कसं लिहायचं आणि परिचयात ट्रान्स असल्याचा उल्लेख हवा की नको हे त्या कलाकारालाच विचारा. नको म्हणाले तर प्रसिद्धीसाठी सुद्धा लिहायचं नाही, मुलाखतीला येणाऱ्यांना पण तसं आधीच सांगून ठेवायचं.