खेड्यातल्या मंडळीला भेट द्यायला चाललाय? मग आधी माणसं कमी करा

मिशन ट्रिप म्हटलं की शहरातल्या चर्चमध्ये पहिला प्रश्न येतो बस कोणती करायची, ३२ सीटर की ५०. आमचंही तसंच झालं होतं. पिंपरीहून ३४ जण, कीबोर्ड, स्पीकर, बॅनर, एकाच रंगाचे टी-शर्ट असं सगळं लटांबर घेऊन आम्ही जानेवारीत नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात शेवगावकडच्या एका मंडळीत, म्हणजे गावातल्या चर्चच्या कुटुंबांकडं, दोन दिवस गेलो, आणि मंडळी किती मोठी तर अकरा घरं. त्या अकरा घरांनी आम्हाला चार वेळा जेवू घातलं, कोंबड्या कापल्या, आणि आम्ही "काय प्रेम आहे हो गावाकडं" म्हणत हात धुतले. त्या जेवणाची किराणा दुकानातली उधारी पोळ्यापर्यंत फिटली नव्हती हे आम्हाला पुढच्या वर्षी कळलं, तेही एका मावशीच्या तोंडून चुकून निघालं म्हणून. लाज वाटली खरं सांगायचं तर. त्यानंतर बऱ्याच वेळा गेलोय, पण दोन गाड्यांच्या वर माणसं नाही.

तर आठ ते दहा जण, बास. त्यात निदान तीन-चार बायका पाहिजेत कारण गावात खरी बोलणी चुलीपाशी होतात आणि तिथं पुरुषांना जागा नाही, एक पेटी वाजवणारा, एक मुलांत रमणारा, आणि एखादं पन्नाशी-साठीचं जोडपं ज्यांना गावातली म्हातारी माणसं मोकळेपणानं काही सांगतील. नुसता तरुण संघ नेऊ नका. माणसं निवडताना भांडणं होतात, ते नवीन नाही. बायबलात प्रेषितांची कृत्ये १५:३६ मध्ये पौल आपल्या सोबत्याला, बर्णबाला, म्हणतो की चल, जिथं जिथं वचन सांगितलं तिथल्या बंधूंना परत जाऊन भेटू, ते कसे आहेत बघू, आणि लगेच पुढं मार्काला सोबत न्यायचं की नाही यावरून दोघांचं असं वाजतं की वाटाच वेगळ्या होतात. तेव्हा ज्याचं नाव यादीत नाही तो फुगून बसला तर मनाला लावून घेऊ नका, त्याला पुढच्या खेपेला न्या.

आता गावच्या पाळकसाहेबांना, म्हणजे तिथल्या पास्टरना, फोन. इथं बहुतेक जण चुकतात, आपला कार्यक्रम ठरवून मग कळवतात. आणि "तुम्हाला काय हवंय" असं विचारलं तर उत्तर ठरलेलं, "काही नको, तुम्ही या फक्त". म्हणून प्रश्न वेगळे विचारा. घरं किती, आजारी कोण, कोण बरेच महिने चर्चला आलं नाही, नुकतंच कुणाकडं मयत झालंय का, आणि तुम्ही नसता तेव्हा उपासना कोण चालवतं. हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. एका पाळकाकडं चार-पाच गावं असतात, त्यामुळं प्रत्येक गावाला साहेब महिन्यातून एक-दोन रविवारच मिळतात, बाकीच्या रविवारी एखादा वडील (मंडळीतला ज्येष्ठ), नाहीतर बारावी झालेली एखादी मुलगी शास्त्र म्हणजे बायबल वाचते आणि प्रार्थना करते. माझं मत विचाराल तर तुमची अख्खी ट्रिप त्या एका माणसासाठी असली तरी चालेल. त्याच्यासोबत बसा, पुढच्या दोन महिन्यांचे पाठ काढून द्या, दहा मिनिटांचं वचन (प्रवचन) कसं तयार करायचं ते त्याच्याकडूनच करून घ्या. तुम्ही गेल्यावर तोच उभा राहणार आहे.

कधी जायचं हे कॅलेंडर बघून नाही, पिकं बघून ठरवा. पाथर्डी-शेवगावकडची आणि बीडकडची कितीतरी घरं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ती मार्च-एप्रिललाच परत, तेव्हा डिसेंबरात गेलात तर अर्ध्या घरांना कुलूप आणि राहिलेल्यांत आजी-आजोबा नि नातवंडं. अर्थात तेव्हा जायचंच नाही असं नाही, एकटे राहिलेल्या म्हाताऱ्यांना भेटायला तेव्हाच जावं, फक्त गर्दीची अपेक्षा ठेवू नका. सोयाबीन काढणी, कांदा काढणी, पेरणी या दिवसांत कुणाला वेळ नसतो. मुलांची बायबल शाळा घ्यायची तर मेची सुट्टी बरी, पण तेव्हा काही गावांत पाणी टँकरचं असतं आणि तुम्ही दहा जण सकाळी आंघोळीला बसलात की कुणाचा तरी दिवसाचा हंडा संपला म्हणून समजा. अजून एक, शेतीची लाईट कधी दिवसा कधी रात्री असते. रात्रपाळीची लाईट असलेल्या आठवड्यात संध्याकाळची सभा ठेवली की पुरुष मंडळी मोटर चालू करायला पळणार. हे फोनवर विचारून घ्या, आम्ही विचारलं नव्हतं.

बाहेरच्या देशातून कोणी सोबत येत असेल तर थांबा जरा. अमेरिकेतला भाऊ सुट्टीला आलाय, त्याला म्हटलं चल वचन सांग, इतकं सोपं ते नाही. टुरिस्ट व्हिसावर धर्मप्रचाराचं काम चालत नाही, मिशनरी व्हिसा वेगळा असतो, आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळतं ते) असलं तरी मिशनरी कामाला खास परवानगी लागते असा २०२१ पासूनचा नियम आहे. परदेशी पासपोर्टवाल्यानं भक्तीला येऊन मागं बसणं वेगळं आणि वचन सांगायला पुलपिटवर उभं राहणं वेगळं. त्याच्या खिशातले डॉलर चर्चच्या पेटीत टाकायचा विषय तर एफसीआरएचा, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याचा, त्यात गावच्या मंडळीला अडकवू नका.

आणि जपायचं आपल्यालापण. ही भेट आहे, जी मंडळी आहे तिला धीर द्यायला, त्यामुळं कार्यक्रम चर्चच्या आवारात आणि घरांत, चौकात नाही. पाळकसाहेबांनी सरपंच आणि पोलीस पाटलाच्या कानावर आधी घातलेलं बरं. स्पीकर नेऊच नका, पन्नास माणसांना कशाला लागतो, आणि लावलाच तर परवानगी काढा नि रात्री १० ला बंद. गावात वाटावाटी अजिबात नको, ना साड्या ना वह्या ना चॉकलेटं. तुम्ही संध्याकाळी निघून जाता, मागं 'आमिष दाखवलं' म्हणून जी कुजबुज होते ती त्या अकरा घरांना निस्तरावी लागते.

गाण्यांचं सांगतो. आमच्या पोरांनी पहिल्या खेपेला हिंदी आणि इंग्लिश कोरस घेतले, गावकरी टाळ्या वाजवत बसले पाहुण्यांसाठी म्हणून. अहो हा नगर जिल्हा आहे, इथं १८३१ पासून मिशनचं काम, थंडीत तंबू घेऊन गावोगाव दौरे व्हायचे, ख्रिस्ती कीर्तन इथं रुजलं, आणि नारायण वामन टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतल्यावर इथंच राहून भजनं-अभंग लिहिले. ती भजनं इथल्या आज्यांना पुस्तक न उघडता येतात. तेव्हा निघायच्या आधी तीन-चार रविवार 'उपासना संगीत' हे मराठी ख्रिस्ती गीतांचं पुस्तक काढून बसा, साहेबांकडून त्यांच्या आवडीच्या गीतांचे नंबर मागवा, चाल फोनवर रेकॉर्ड करून घ्या कारण गावाची चाल आणि शहराची चाल वेगळी निघते आणि तिथं गेल्यावर त्यांचीच चाल धरायची. टाळ-ढोलकी त्यांची, तुम्ही साथ करा.

वचन तुमच्यातल्या एकानंच सांगावं आणि वीस मिनिटांत. पन्नास मिनिटं जोरदार बोलून आपण टाळ्या घेतो आणि पुढच्या रविवारी बिचाऱ्या साहेबांचं साधं बोलणं लोकांना फिकं वाटतं. प्रभुभोजन, आशीर्वाद हे साहेबांच्याच हातचं. आणि साक्षी, म्हणजे विश्वासाचे अनुभव, फक्त तुमच्याच नकोत, त्यांच्या ऐका. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल हेच लिहितो ना, तुमच्या विश्वासानं मला आणि माझ्या विश्वासानं तुम्हाला धीर मिळावा. दोन्हीकडून.

घरभेटींना मात्र हवा तेवढा वेळ द्या. दोघं-तिघं मिळून जा, सोबत मंडळीतलं कोणीतरी पाहिजेच, आणि एका दुपारी तीन घरांच्या वर नको. चहा येणार, तो प्यायचा, साखर कितीही असो. आपण तोंड उघडायच्या आधी त्यांना बोलू द्या, बोलणं पावसावरून सुरू होईल, मग कांद्याचा भाव, मग पुण्याला गेलेला मुलगा, आणि अर्ध्या तासानं खरी गोष्ट येईल. तेव्हा लगेच वचन फेकू नका. एका आजोबांकडं मी असाच घाईनं म्हणालो की बाबा, रोज शास्त्र वाचत जा. ते म्हणाले अक्षर दिसत नाही, पाच-सहा वर्षं झाली. साधी चाळिशी, दुसरं काही नाही. तेव्हापासून आम्ही दीड ते अडीच नंबरचे दहा-बारा तयार चष्मे आणि मोठ्या अक्षराची दोन शास्त्रं नेतो, साहेबांकडं ठेवतो, मंडळीतल्या ज्याला लागेल त्याला तेच देतात, लावून वाचून बघायचं आणि जमेल तो घ्यायचा. ज्यांना दूरचंही दिसत नाही त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडं पाठवायचं. गोळ्या-औषधं मात्र सोबत डॉक्टर असल्याशिवाय कुणाला देऊ नका, क्रोसिनसुद्धा.

फोटो. विचारून, आणि लहान मुलांचे आईबापांना विचारल्याशिवाय नाहीच. आजारी माणसाच्या खाटेवर हात ठेवून प्रार्थना करतानाचा फोटो काढणाऱ्याला मी आता गाडीत बसवून ठेवतो. मुलांच्या बायबल शाळेत कायम दोन मोठी माणसं एकत्र, आणि त्यातलं एक गावातलं.

पैसे असे. जेवणाचे पैसे आधीच साहेबांच्या घरी पोचवा, किराणा गावातल्याच दुकानातून रोखीनं, भाजी-भाकरीच करा म्हणून स्पष्ट सांगा (तरी कोंबडी होतेच, तो त्यांचा हट्ट, तिथं आपण हरायचं). तुमच्यातल्या दोघी-तिघी स्वयंपाकाला बसा, भाकरी जमत नसेल तर कांदा चिरा, भांडी घासा. झोपायला चर्चमध्ये सतरंज्या, पांघरूण आपलं. संडास कुठं आणि किती आहेत हे बायकांसाठी आधी विचारून ठेवा, लाजू नका. अर्पण रविवारच्या थैलीत टाका, मंडळीचं म्हणून. कुणी बाजूला घेऊन अडचण सांगितली तर हातात नोट ठेवू नका, ऐका, प्रार्थना करा आणि साहेबांशी बोला. नाहीतर पुढच्या वेळी लोक तुम्हाला पाकीट म्हणून बघतात आणि साहेबांना कुणी विचारत नाही.

परत आल्यावर रविवारी चर्चमध्ये स्लाइड शो करायची घाई नसते. आधी बुधवारी साहेबांना फोन करा, भेटलेल्या माणसांची नावं वहीत लिहून आणली असतील ती प्रार्थनेला घ्या, त्या उपासना चालवणाऱ्या मुलीला विचारा पाठ कसा झाला. "दर महिन्याला येऊ" असं मात्र बोलून बसू नका. वर्षातून एकदाच जमणार असेल तर एकदाच सांगा आणि जा.

निघताना गाडीत बाजरीचं पीठ, शेंगा, कुरडया, लोणच्याचे डबे येऊन पडतील, नको म्हणू नका. डब्यावर कुणाचं नाव कोरलंय ते बघून ठेवा. आमच्या किचनमध्ये अजून 'मथुराबाई' कोरलेला एक डबा आहे, त्यात यंदा शेंगदाण्याचे लाडू भरून न्यायचे ठरलंय, कारण रिकामा कसा परत करायचा.