लॅपटॉप दिवसभर चार्जरलाच? मग ८० टक्क्यांची मर्यादा लावा

घरून काम करताना लॅपटॉप दिवसभर चार्जरला असेल, तर सेटिंगमध्ये किंवा कंपनीच्या अ‍ॅपमध्ये सोय असल्यास चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा. बॅटरी भरली की चार्जिंग आपोआप थांबतं, हे खरं. पण लॅपटॉपमधली लिथियम-आयन बॅटरी कायम १०० टक्क्यांवर आणि त्यात गरम राहिली की लवकर झिजते. खरा शत्रू उष्णताच. लॅपटॉप गादीवर ठेवला की हवा खेळायच्या खालच्या जाळ्या बुजतात. थोड्या वेळाने तळाला हात लावून बघा, चटका जाणवेल. टेबल नसेल तर सरळ पाटावर ठेवा. बॅटरी शून्यावर आणून मग भरायची सवय जुन्या निकेल बॅटऱ्यांची, ती सोडाच. महिनाभर गावी जाताय? निम्मी चार्ज करून बंद करून ठेवा. आणि टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला, तर बॅटरी फुगलेली असू शकते; चार्जर लगेच काढा, टचपॅड दाबून बसवू नका.