बिट मोजायचं काम लूपकडून काढून प्रोसेसरला कसं द्यायचं

६४ बिटच्या नंबरात १ किती आहेत हे मोजायला आपण बहुतेक जण लूप लावतो, एकेक बिट सरकवायचा आणि बेरीज करत जायचं, म्हणजे ६४ फेऱ्या. एकच नंबर असेल तर ठीक, पण बिटमॅपमध्ये (हो-नाहीची लांबलचक यादी, एका नोंदीला एक बिट) असे लाखो नंबर असले की सगळा वेळ तिथेच जातो. आणि याच कामाला प्रोसेसरमध्ये एक तयार इन्स्ट्रक्शन आहे, पॉपकाउंट. इंटेलमध्ये २००८ च्या नेहेलम प्रोसेसरपासून, एएमडीत त्याच्या आदल्या वर्षीपासून.

त्यासाठी असेंब्ली (प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शन हाताने लिहायची भाषा) लिहायला बसू नका, खरंच गरज नाही. जीसीसी किंवा क्लँग या सी कंपायलरमधलं तयार फंक्शन, बिल्टइन पॉपकाउंट, घ्या, सी प्लस प्लस २० असेल तर सरळ एसटीडी पॉपकाउंट. पण इथेच थांबलात तर काम अर्धंच झालं, कारण एक्स८६ वर, म्हणजे इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर, कंपायलर डिफॉल्टने ६४ बिटचा सगळ्यात जुना प्रोसेसर धरून चालतो, त्यात हे इन्स्ट्रक्शन नाही, मग जीसीसी गुपचूप लायब्ररीतलं फंक्शन कॉल करतो. म्हणून कंपाइल करताना एमपॉपसीएनटी हा फ्लॅग द्यायचा आणि नंतर ऑब्जडंप (तयार फाइलमधल्या इन्स्ट्रक्शन दाखवणारं टूल) चालवून स्वतः बघायचं. तिथे कॉल दिसला तर फ्लॅग लागलेलाच नाही.

आता चालू बिट, म्हणजे १ असलेले, एकेक करून शोधायचे. ४४ घ्या, बायनरीत १०११००. उजवीकडून शून्यं २, म्हणजे ० पासून मोजलं तर २ नंबरचा बिट चालू. तो वापरला की, नंबर एक्स धरून, एक्स आणि (एक्स वजा १) यांचं बिटवाइज अँड करा, सगळ्यात खालचा १ पुसला जातो, उरलं १०१०००. एक्स शून्य होईपर्यंत हेच, ३ फेऱ्यांत काम संपलं. बीएमआय (बिटच्या कामांच्या इन्स्ट्रक्शनचा संच) कंपाइल करताना चालू असेल तर कंपायलर शून्यं मोजायला टीझेडसीएनटी आणि १ पुसायला बीएलएसआर अशी एकेक इन्स्ट्रक्शन टाकतो. फक्त उजवीकडची शून्यं मोजणाऱ्या बिल्टइन सीटीझेडला ० देऊ नका, त्याचं उत्तर ठरलेलं नाही.

सगळ्यात जास्त सांभाळायचं ते एलझेडसीएनटीला, म्हणजे डावीकडची शून्यं मोजणाऱ्या इन्स्ट्रक्शनला. पॉपकाउंट नसलेल्या मशीनवर प्रोग्रॅम इललीगल इन्स्ट्रक्शन म्हणून पडतो, निदान कळतं तरी. एलझेडसीएनटी पडत नाही, जुना प्रोसेसर ते बीएसआर (सगळ्यात वरच्या १ चा नंबर सांगणारं इन्स्ट्रक्शन) समजून चालवतो. ३२ बिटच्या ४४ ला २६ यायला पाहिजे तिथे ५ येतं, एरर काही नाही, आणि असला बग शोधण्यात दिवसच्या दिवस जातात. म्हणून मार्च नेटिव्ह (आपल्याच प्रोसेसरसाठी कंपाइल करायचा फ्लॅग) लावून बनवलेली फाइल दुसऱ्याच्या मशीनवर देऊ नका, द्यायचीच असेल तर ही इन्स्ट्रक्शन वापरणारं आणि न वापरणारं अशी दोन्ही फंक्शन ठेवा आणि प्रोग्रॅम सुरू होताना एकदाच बिल्टइन सीपीयू सपोर्ट्सने प्रोसेसरला इन्स्ट्रक्शन आहे का ते विचारून त्यातलं एक निवडा.

पीईएक्सटी आणि पीडीईपीला (मास्कप्रमाणे बिट गोळा करणारं आणि पसरवणारं इन्स्ट्रक्शन) तर एवढंही पुरत नाही. एएमडीचे झेन ३ च्या आधीचे झेन प्रोसेसर ही इन्स्ट्रक्शन आहेत म्हणूनच सांगतात, पण आत ती मायक्रोकोडने, म्हणजे अनेक छोट्या पायऱ्यांत, चालतात आणि इतकी स्लो की साधं शिफ्ट आणि मास्क बरं पडतं, तेव्हा तिथे त्याच मशीनवर दोन्ही पद्धतींचा टाइम घेऊन मगच ठरवा.