नोकरी लागते, पण टिकत नाही: बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकारात जॉब कोचने काय करावं

बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकारात भावना झपाट्याने उसळतात, नात्यांत टोकाचे चढउतार होतात आणि कुणी सोडून जाईल ही भीती असते. हा विकार असलेल्या माणसाला नोकरी मिळणं हीच मोठी अडचण असते असं नाही. मुलाखत छान होते, सुरुवातीला तो दोघांचं काम एकटा ओढतो. मग कुणाचं तरी बोलणं लागतं आणि रात्रीतून राजीनामा जातो. म्हणून जॉब कोचचा, म्हणजे नोकरी मिळवायला आणि टिकवायला मदत करणाऱ्याचा, जास्त वेळ नोकरी लागल्यानंतर खर्च व्हायला हवा.

चौकट आयपीएस (इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट: मानसिक आजार असलेल्याला थेट खऱ्या नोकरीत लावून तिथे आधार देणं) या पद्धतीचीच ठेवा. उमेदवार 'तयार' होईपर्यंत थांबायचं नाही, त्याला काम करायचंय एवढं पुरे. महिन्याभरात मालकांच्या भेटी सुरू करायच्या, एका कोचकडे २० हून जास्त उमेदवार नकोत, आणि आधाराला ठरावीक मुदत नाही.

पहिल्या भेटीत जुन्या नोकऱ्यांचा तक्ता करा: किती महिने टिकली, शेवटच्या पंधरवड्यात काय घडलं, नेमकं कोण काय बोललं. 'बॉस वाईट होता' एवढ्यावर थांबू नका. चार ओळी भरल्या की बहुधा एकच धागा दिसतो: सगळ्यांसमोर काढलेली चूक, बदललेली शिफ्ट, आवडत्या वरिष्ठाची बदली. हा तक्ता दोष दाखवायला नाही, पुढची जागा निवडायला आहे.

निवडताना पगाराइतकंच हे बघा: चुका कोण सांगतं, कशा सांगतं, आणि हुकूम देणारे किती. तीन मॅनेजर असलेल्या जागेपेक्षा एकच स्पष्ट बोलणारा वरिष्ठ बरा. पुण्यात कात्रजहून रोज हिंजवडी गाठायची तर झोप तुटते, आणि झोप तुटली की भावना आवरणं आणखी अवघड. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकाच्या दुकानात काम हवं असेल तर जूनच्या शाळा-खरेदीत रुजू करू नका. गर्दी ओसरल्यावर करा, म्हणजे शिकवायला मालकाला वेळ असतो.

आजाराबद्दल मालकाला सांगायचं की नाही, हे उमेदवारच ठरवतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे; कोचने परस्पर बोलायचं नाही. निदानाचं नाव न घेताही गरज सांगता येते: "चूक झाली तर बाजूला घेऊन सांगा, आणि काय बदलायचं ते दोन ओळींत लिहून द्या." असं वाक्य उमेदवारासोबत बसून लिहा, त्याच्या तोंडात बसेपर्यंत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शनिवारची सुट्टी मागितली आणि सुपरवायझरचं उत्तर आलं, 'बघू'. दुकानात त्याचा अर्थ बहुधा एवढाच की ड्युटीचा कागद अजून पाहिलेला नाही. पण उमेदवाराला तो नकार वाटतो, मग अपमान, आणि रात्री पावणेदहाला 'उद्यापासून येणार नाही' टाइप होतं. यासाठी २४ तासांचा करार रुजू होण्याआधीच लिहून ठेवा: राजीनामा पाठवण्याआधी चोवीस तास थांबायचं. राजीनामा लिहायला बंदी नाही. पण तो फोनच्या नोट्समध्ये लिहायचा, व्हॉट्सॲपमध्ये नाही, तिथे अंगठा चुकतो. मग गार पाण्याच्या भांड्यात श्वास रोखून १५ ते ३० सेकंद चेहरा धरायचा. धडधड कमी व्हायला मदत होते. हृदयविकार किंवा खाण्याशी संबंधित विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सकाळी कोचसोबत साखळी लिहायची: काय घडलं, मनात काय आलं, शरीरात काय झालं, काय करावंसं वाटलं. शेवटी सुपरवायझरला विचारायचं वाक्य: "शनिवारी सुट्टी हवी आहे. गुरुवारपर्यंत हो-नाही कळलं तर बदली माणूस बघता येईल." चोवीस तासांनंतरही सोडायचंच असेल तर तो त्याचा हक्क आहे, अडवू नका.

कोचच्याही चुका होतात, आणि त्या महागात पडतात. सुरुवातीला रात्री-अपरात्री फोन घ्यायचा आणि दमल्यावर एकदम बंद करायचा, ही सर्वांत घातक. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी वेळ ठरवा: आठवड्यातून एक भेट, अर्धा तास, फोन सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. रजेवर जाणार असाल तर दोन आठवडे आधी सांगा आणि बदली कोचची गाठ घालून द्या. काम छान चाललंय म्हणून भेटी अचानक कमी करू नका. तारीख ठरवून कमी करा. 'बरं झालं की सोडून देतात' हा अनुभव त्यांच्यापैकी अनेकांनी आधीच घेतलेला असतो. घरचे, डॉक्टर आणि तुम्ही वेगवेगळं सांगत असाल तर त्या दरीत उमेदवार पडतो, म्हणून त्याच्या संमतीने महिन्यातून एकदा सगळ्यांनी एकत्र बोला.

स्वतःला इजा करण्याची भाषा आली तर नोकरीचा विषय बाजूला. एकटं सोडू नका, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवा, धोका समोर दिसत असेल तर थेट जवळच्या रुग्णालयात न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही चालू असतो. तो करारातच लिहून ठेवा.

आणि नोकरी सुटलीच, तर नोटिशीचा काळ पूर्ण करायला मदत करा, अनुभवपत्र आणि पगाराच्या पावत्या हातात पडेपर्यंत पाठपुरावा करा. त्याच आठवड्यात तक्त्यात नवी ओळ भरा आणि पुढच्या मालकाला फोन लावा.