बुडबुडे आले म्हणजे स्टॅफच असे नाही: कॅटलेज चाचणीतल्या या चुका टाळा

जंतूंवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकून बुडबुडे येतात का ते बघायचे, ही कॅटलेज चाचणी अर्ध्या मिनिटात होते, म्हणून तिच्याकडे कुणी नीट लक्षच देत नाही. पांढऱ्या पेशी जंतूला गिळून त्याच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडचा मारा करतात. स्टॅफिलोकोकस ऑरियस (स्टॅफ) कॅटलेज या एन्झाइमच्या जोरावर त्या पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतो. स्लाइडवरचे बुडबुडे म्हणजे हाच ऑक्सिजन. स्ट्रेप्टोकोकसकडे कॅटलेज नसते, म्हणून एका थेंबात दोघे वेगळे ओळखता येतात.

पण बुडबुडे जंतूचेच हवेत. लाल रक्तपेशींतही भरपूर कॅटलेज असते, तरी ब्लड अगारवरची (रक्त मिसळलेल्या माध्यमावरची) कॉलनी, म्हणजे जंतूंचा ठिपका, अगारसकट खरवडणारे दर वर्षी भेटतात. एकदा पसरत्या जखमेतल्या पूच्या नमुन्यात बारीक, बीटा हिमोलिसिसच्या (भोवतीच्या रक्तपेशी पूर्ण फोडणाऱ्या) कॉलनी आल्या. नव्या मुलाने खरवडून घेतले, बुडबुडे आले, ‘स्टॅफ’ लिहिले. पुढे कोअ‍ॅग्युलेज (स्टॅफ ऑरियस ओळखण्याची पुढची चाचणी) निगेटिव्ह. मग त्वचेवरचा स्टॅफ नमुन्यात मिसळला असेल, असे ठरवून रिपोर्ट माझ्याकडे सहीला आला. ग्रॅम स्टेन (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणे) विचारला तर केलेलाच नव्हता. केला तेव्हा स्ट्रेप्टोकोकसच्या साखळ्या स्पष्ट दिसल्या. तो ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस होता, आणि आपण डॉक्टरांना ‘दुर्लक्ष करा’ असे कळवणार होतो. ग्रॅम स्टेन न करता वेळ वाचवणे मला अजिबात मान्य नाही.

मी टूथपिकने कॉलनीचा फक्त माथा टिपते, कोरड्या स्लाइडवर ठेवते आणि मग ३ टक्के पेरॉक्साइडचा थेंब टाकते. कॉलनी फारच चपटी असेल तर रक्त नसलेल्या माध्यमावर पुन्हा लावते. एक दिवस जातो, जाऊ दे. नायक्रोमचा लूप नको, त्या धातूनेही बुडबुडे येतात.

कल्चर १८ ते २४ तासांचेच घ्या. जुन्यात एन्झाइम मंदावते.

पेरॉक्साइडची बाटली गडद रंगाची हवी आणि फ्रिजमध्ये हवी. रोज सकाळी एक स्टॅफ आणि एक स्ट्रेप कंट्रोल (निकाल आधीच ठाऊक असलेले जंतू) लावल्याशिवाय मी नमुना हातात घेत नाही.

उशिरा आलेले दोन-चार बुडबुडे पॉझिटिव्ह धरू नका, एन्टेरोकोकस असे फसवतो. थेंब थेट प्लेटवर तर कधीच टाकू नका.

निकालाचा अर्थ लावतानाही घाई होते. ‘कॅटलेज निगेटिव्ह, म्हणजे दुबळा जंतू’ हे वाक्य ऐकले की मी न्यूमोकोकसचे उदाहरण देते. त्याच्याकडे कॅटलेज नाही, उलट पायरुव्हेट ऑक्सिडेजच्या साह्याने तो स्वतःच पेरॉक्साइड तयार करतो, आणि तरीही न्यूमोनिया घडवतो. सुपरऑक्साइड डिसम्युटेज आणि थायोल पेरॉक्सिडेज ही एन्झाइम आणि लोह धरून ठेवणारे एक प्रथिन त्याला तारतात. मोकळे लोह पेरॉक्साइडला भेटले की हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो, म्हणून लोह बांधून ठेवणे हाही बचावच.

क्षयाच्या जंतूबाबत ही घाई जास्त महागात पडते. त्याचे कॅटजी हे कॅटलेज-पेरॉक्सिडेज पेरॉक्साइड फोडते आणि आयसोनियाझिड या क्षयाच्या औषधाला सक्रियही करते. ते एन्झाइम पूर्ण बिघडले तर बुडबुडेही जातात आणि औषधही निकामी होते. पण प्रतिकारक जंतूंत वारंवार सापडणारा बदल वेगळा आहे: त्या एन्झाइमच्या ३१५व्या जागी सेरीन या अमिनो आम्लाऐवजी थ्रिओनीन. यात औषध सक्रिय होणे जवळपास थांबते, कॅटलेजचे काम मात्र बरेचसे टिकते. तेव्हा बुडबुडे दिसले म्हणून आयसोनियाझिड लागू पडेल असे गृहीत धरू नका. प्रतिकाराचे जनुकीय बदल शोधणाऱ्या लाइन प्रोब अ‍ॅसेमध्ये कॅटजी आणि आयएनएचए ही दोन्ही जनुके बघा, आणि तो निकाल हाती येईपर्यंत रिपोर्टमध्ये त्या औषधापुढची जागा कोरी ठेवा.