पंचगंगेत पोहणाऱ्यांसाठी: लावेझीच्या ग्रॅनाइटवर डाइव्ह

पाण्याखाली श्वास घ्यायची हवेची टाकी पाठीवर आली की आपला कोल्हापूरचा गडी आधी हात मारायला लागतो. विहिरीत मुटके मारून लागलेली सवय ती. पाण्याखाली मात्र हात हलले की दम लागतो आणि टाकी भसाभस रिकामी होते. हाताची घडी घाला, पाय कमरेपासून सावकाश चालवा. हा सराव लावेझीला जाण्याआधी तारकर्लीतच करून घ्या. फक्त डाइव्ह करून त्याच संध्याकाळी घाट चढू नका. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि अंगात मुरलेला नायट्रोजन त्रास देऊ शकतो. रात्री मालवणात राहा, तेवढंच तिसऱ्यांचं सुकं पदरात पडतं.

लावेझी बेटं भूमध्य समुद्रात, कोर्सिका आणि सार्डिनियाच्या मधे. तिथं उन्हाळ्यातही वरचं पाणी कोमट आणि खाली गेलं की एकदम गार, त्यामुळं 5 मिलिमीटर जाडीचा रबरी सूट लागतो. तो तरंगतो, म्हणून बुडण्यासाठी कमरेला बांधायचं शिसं वाढवावं लागतं. पाणीही आपल्यापेक्षा थोडं खारट आहे, पण खरा फरक सूटाचाच. अंदाजानं वजन बांधू नका. तरंगण्यासाठी हवा भरतात त्या जॅकेटमधली हवा सोडा, नेहमीएवढा श्वास घेऊन धरा. पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं पाहिजे. श्वास सोडल्यावर हळूहळू बुडालात की वजन जमलं. टाकी भरलेली असेल तर आणखी दोनेक किलो घ्या, कारण शेवटी तेवढी हवा संपून टाकी हलकी होते. ही तपासणी वरच करायची. खाली श्वास कधीच रोखायचा नाही.

आपला सह्याद्रीचा बेसाल्ट थरांचा. लावेझीचा ग्रॅनाइट झिजून गोल धोंडे होतात आणि त्यांच्या मधल्या कपारीतच सगळी वस्ती. मेरूव्हिल या जागी मोठाले ग्रूपर दिसतात, आपल्या हेकरूच्या जातकुळीतले. सगळे आधी मादी असतात, पुढं काहींचे नर होतात. पाठलाग केला की ते कपारीत शिरतात. एका जागी तरंगत राहिलात तर स्वतःच बघायला येतात. खायला घालू नका. सावलीतल्या भिंतींवरचे गॉर्गोनियन या प्रवाळांचे पंखे काळेनिळे वाटतात, टॉर्च मारला की लालभडक. त्यांना पायातले फिन लागू देऊ नका.

दोन दिवस जास्तीचे ठेवाच. ही बेटं आहेत ती बोनिफासिओची सामुद्रधुनी वाऱ्याची. 1855 साली क्रिमियाला निघालेलं सेमियांत हे फ्रेंच युद्धजहाज याच खडकांवर फुटलं, कोणी वाचलं नाही. बोटवाला आज नाही म्हणाला, तर हुज्जत घालू नका.