एकेरी मार्गावरचे क्रॉसिंग स्वयंचलित करताना या चुका टाळा

कोकण रेल्वेने प्रवास केलेल्या बहुतेकांनी कधी ना कधी एखाद्या लहान स्थानकात लूप लाइनवर, म्हणजे मेन लाइनशेजारच्या बाजूच्या मार्गिकेवर, उभ्या असलेल्या गाडीत बसून समोरच्या गाडीची वाट पाहिली असेल. समोरची गाडी मेन लाइनवरून धडधडत निघून जाते, काही क्षणांनी आपला सिग्नल मिळतो आणि गाडी हलते. घरातल्या मॉडेल रेल्वेवर हे क्रॉसिंग हाताने न करता आपोआप व्हावे, अशी एकेरी मार्ग मांडणाऱ्या प्रत्येकाची इच्छा असते. मी एचओ मापात, म्हणजे १:८७ प्रमाणात आणि दोन रूळांमध्ये १६.५ मिलिमीटर अंतर ठेवून, तीन स्थानकांचा एकेरी मार्ग खोलीच्या भिंतींलगत मांडला आहे. नियंत्रण डीसीसी पद्धतीचे, म्हणजे रूळांमधूनच प्रत्येक इंजिनाला स्वतंत्र डिजिटल आज्ञा देण्याचे, असून त्यासाठी आर्डुइनो मेगा या छोट्या संगणक-बोर्डवर चालणारी डीसीसी-ईएक्स ही मुक्त प्रणाली आणि तिच्यातील एक्सरेल या स्वयंचलनाच्या भागातल्या आज्ञा मी वापरतो. खालच्या बहुतेक चुका माझ्या हातून झालेल्या आहेत, आणि त्यांतल्या सर्वांत महागड्या चुका प्रोग्राममध्ये एकही अक्षर चुकलेले नसताना घडल्या आहेत.

लूपची लांबी सांध्यापासून सांध्यापर्यंत मोजणे

भारतीय रेल्वेवर पूर्ण लांबीच्या मालगाडीसाठी लूपमध्ये उभे राहायला ६८६ मीटर मोकळी जागा धरण्याची पद्धत आहे. एचओ मापात हे अंतर जवळजवळ आठ मीटर होते, त्यामुळे घरात तडजोड अटळ असते. मात्र ती तडजोड मोजून करावी लागते. आयसीएफ पद्धतीचा प्रवासी डबा बफरसह सुमारे २२.३ मीटरचा, म्हणजे आपल्या मापात साडेपंचवीस सेंटीमीटरचा असतो. इंजिनासाठी वीस सेंटीमीटर धरले, तर पाच डब्यांची गाडी सुमारे दीड मीटरची होते. ही दीड मीटर लांबी दोन्ही टोकांच्या फाउलिंग मार्कच्या आत मावली पाहिजे. शेजारच्या मार्गिकेवरून जाणाऱ्या गाडीला धक्का न लागता डबा जिथपर्यंत उभा राहू शकतो, ती हद्द म्हणजे फाउलिंग मार्क, आणि तो सांध्याच्या, म्हणजे मार्गिका जिथे फुटते त्या जोडणीच्या, सरकत्या जिभांपासून बराच आत असतो. तो कागदावर काढण्यापेक्षा एक डबा मेन लाइनवर उभा करून दुसरा डबा लूपवरून हळूहळू सांध्याकडे ढकलावा, दोघांचे कोपरे जिथे एकमेकांना टेकतील तिथून आणखी दोन-तीन सेंटीमीटर आत पेन्सिलीने खूण करावी आणि लेआउटवरच्या सर्वांत लांब डब्यानेच ही तपासणी करावी. इंजिन थांबताना थोडे पुढेमागे होते, त्यासाठी दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा सेंटीमीटर सोडले की पाच डब्यांच्या गाडीला दोन खुणांमध्ये किमान १.८ मीटर जागा लागते. तेवढी जागा नसेल, तर एक डबा कमी करणे हाच खरा उपाय आहे.

इंजिन पोहोचले की ब्लॉक मोकळा करणे

या लेखातली सर्वांत महत्त्वाची चूक हीच आहे. प्रत्यक्ष रेल्वेत स्टेशन मास्तर आलेल्या गाडीच्या शेवटच्या डब्यावरची ‘एलव्ही’ची (लास्ट व्हेइकल, म्हणजे शेवटचा डबा) पाटी पाहून गाडी पूर्ण आल्याची खात्री करतो आणि मगच मागचा सेक्शन, म्हणजे दोन स्थानकांमधला मार्ग, मोकळा समजला जातो, जिथे एक्सल काउंटर आहेत, तिथे आत गेलेले आणि बाहेर आलेले आस मोजून हीच खात्री केली जाते. आपला प्रोग्राम मात्र इंजिनालाच गाडी समजतो. माझ्याकडे स्थानकातल्या थांब्याचा सेन्सर लागला की मागचा एकेरी ब्लॉक, म्हणजे एका वेळी एकाच गाडीला मिळणारा मार्गाचा तुकडा, सोडून दिला जात असे. एका संध्याकाळी मालगाडीचा ब्रेक व्हॅन (गार्डचा शेवटचा डबा) कपलिंग सुटून सांध्यावरच राहिला, इंजिन आपल्या जागी व्यवस्थित थांबले, ब्लॉक मोकळा झाला आणि मेन लाइनवर थांबलेल्या पॅसेंजरने निघताच तो ब्रेक व्हॅन आडवा केला. प्रोग्रामच्या नोंदीत सर्व काही बरोबर होते.

यावर दोन उपाय आहेत आणि शक्य असल्यास दोन्ही करावेत. पहिला उपाय असा की फाउलिंग मार्कच्या लगेच आत एक सेन्सर बसवावा आणि ब्लॉक सोडण्यापूर्वी ‘अ‍ॅट’ऐवजी ‘आफ्टर’ ही आज्ञा द्यावी. ‘अ‍ॅट’ सेन्सर लागताच पुढे जाते, तर ‘आफ्टर’ सेन्सर लागून पुन्हा सुमारे अर्धा सेकंद मोकळा राहीपर्यंत थांबते. दुसरा उपाय विद्युतप्रवाहावरून ब्लॉक व्यापलेला आहे का, हे ओळखणाऱ्यांसाठी आहे. इंजिन प्रवाह घेते, साधा डबा घेत नाही, त्यामुळे सुटलेला डबा अशा डिटेक्टरला दिसतच नाही. प्रत्येक गाडीच्या निदान शेवटच्या डब्याला धातूची चाकजोडी बसवून तिच्या दोन चाकांमध्ये दहा किलोओहमचा रेझिस्टर जोडावा. रूळांवर पंधरा व्होल्ट असतील तर त्यातून दीड मिलिअँपिअर प्रवाह जातो आणि चांगल्या डिटेक्टरला तेवढा पुरतो. माझ्या मते ही जोडणी म्हणजे आपल्या लेआउटवरची एलव्हीची पाटीच आहे.

राखीव करण्याचा क्रम चुकवणे

‘रिझर्व्ह’ ही आज्ञा ब्लॉक दुसऱ्या गाडीकडे असेल तर आपली गाडी थांबवते आणि तो सुटेपर्यंत वाट पाहते. बहुतेक जण आधी समोरचा एकेरी सेक्शन राखतात आणि नंतर पुढच्या स्थानकातली मार्गिका मागतात, कारण गाडी त्याच क्रमाने धावते. आता पुढच्या स्थानकाच्या दोन्ही मार्गिकांवर आपल्याकडे येऊ पाहणाऱ्या गाड्या उभ्या आहेत, अशी कल्पना करा. आपल्या गाडीने सेक्शन धरून ठेवला आहे आणि ती मार्गिकेची वाट पाहत आहे, तर समोरच्या गाड्या मार्गिका धरून सेक्शनची वाट पाहत आहेत. आपल्या शेजारची मार्गिका रिकामी असूनही सगळे जागच्या जागी थांबते. क्रम उलटा केला, म्हणजे आधी उतरण्याची मार्गिका आणि नंतर सेक्शन राखला, की ही कोंडी होत नाही, कारण मार्गिका मिळेपर्यंत आपली गाडी सेक्शन अडवत नाही.

दुसरी कोंडी अधिक फसवी असते. पूर्व-पश्चिम मार्गावर तीन स्थानके असून प्रत्येकात दोन मार्गिका आहेत आणि एकूण गाड्या चारच आहेत. मधल्या स्थानकात पूर्वेकडे निघालेल्या दोन गाड्या आल्या आणि पूर्वेच्या स्थानकात पश्चिमेकडे निघालेल्या दोन गाड्या उभ्या राहिल्या, की पश्चिमेचे स्थानक संपूर्ण रिकामे असूनही एकही गाडी हलू शकत नाही. सेक्शन कंट्रोलर ज्या दूरदृष्टीने अशी वेळ टाळतो, ती प्रोग्राममध्ये आणण्यासाठी लोक लांबलचक अटी लिहितात. नवख्याने तो मार्ग धरू नये. मधल्या स्थानकात पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्यांना कायम मेन लाइन आणि पश्चिमेकडे जाणाऱ्यांना कायम लूप लाइन नेमून द्यावी, आणि एकूण गाड्या एकूण मार्गिकांपेक्षा किमान एकाने कमी ठेवाव्यात. एका गाडीने दुसरीला मागे टाकण्याची मौज त्यामुळे जाते, हे मान्य आहे; पण आधी महिनाभर न अडकता चालणारे क्रॉसिंग पाहावे आणि मग हवी ती गुंतागुंत वाढवावी.

सेन्सर आणि सांध्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवणे

स्लीपरच्या मधून वर पाहणारा टीसीआरटी-५००० सारखा इन्फ्रारेड सेन्सर स्वस्त असतो, म्हणून सगळे तोच बसवतात. डब्याचा तळ काळा आणि खरखरीत असेल तर प्रकाश परतच येत नाही, आणि सेन्सरला बोगी, म्हणजे डब्याखालचा चाकांचा सांगाडा, दिसली तरी डब्याचा मधला भाग रिकामा भासतो. मग ‘आफ्टर’ची अर्ध्या सेकंदाची अट पहिल्याच डब्याखाली पूर्ण होते. प्रत्येक डब्याच्या तळाला पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवल्याने बराच फरक पडतो. तरीही फाउलिंग मार्कजवळ मात्र रूळांच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला तिरका जाणारा किरण वापरावा, म्हणजे दोन डब्यांमधल्या फटीतून तो सरळ पार होणार नाही. दुपारी खिडकीतून ऊन येणाऱ्या खोलीत सेन्सरची तपासणी दुपारीच करावी.

सांध्यांच्या बाबतीत आज्ञा दिली म्हणजे सांधा फिरला, असे गृहीत धरले जाते. खडीचा एक दाणा जिभेत अडकला तरी सांधा फिरवणारा सर्व्हो (छोटी मोटार) आपले काम झाल्यासारखा शांत बसतो. जिभेच्या हालचालीने दाबला जाणारा छोटा मायक्रोस्विच लावून, सांधा बसल्याची खूण मिळाल्यावरच गाडी सोडावी. सर्व्होंना आर्डुइनोच्या पिनवरून वीज देऊ नये. त्यांच्यासाठी पाच व्होल्टचा वेगळा पुरवठा ठेवावा आणि दोन्हींची ग्राउंड तार एकत्र जोडावी. कॉइलवर चालणाऱ्या मोटारींना वीज क्षणभरच मिळाली पाहिजे, अन्यथा कॉइल जळते.

गाडी ठरावीक सेकंदांनी थांबवण्याचा मोह टाळावा. तेच इंजिन थंड असताना आणि तासभर चालल्यावर वेगळ्या अंतरावर थांबते. आत शिरताना वेग कमी करणारा एक सेन्सर आणि थांबवणारा दुसरा, अशी जोडी हवी. इंजिनातल्या नव्या डिकोडरचा, म्हणजे आज्ञा वाचणाऱ्या चिपचा, पत्ता ३ असतो, तो पहिल्याच दिवशी बदलावा. किनारपट्टीच्या दमट हवेत रूळ लवकर काळे पडतात, ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. पॉलिश पेपरने घासल्यास चरे पडून मळ अधिक धरतो. दर मीटरला रूळांना वीज पोहोचवणारी फीडर तार द्यावी आणि सर्वांत दूरच्या टोकाला दहा रुपयांचे नाणे दोन्ही रूळांवर आडवे ठेवून पाहावे. रूळांना वीज देणारा बूस्टर लगेच बंद पडला नाही, तर मुख्य तार बारीक आहे.

वीज गेल्यानंतर सगळे आठवेल असे समजणे

वीज गेली की कोणता ब्लॉक कोणाकडे होता, ही राखीव नोंद पुसली जाते आणि परत आल्यावर प्रोग्रामच्या दृष्टीने सगळा मार्ग रिकामा असतो. दोन गाड्या मात्र सेक्शनच्या मध्यावर उभ्या असतात. म्हणून सुरुवातीला प्रत्येक ब्लॉक व्यापलेला मानावा आणि सेन्सर व डिटेक्टर यांनी मोकळा असल्याचे दाखवल्यावरच तो सोडावा. जिथे डिटेक्टर नाही, तो ब्लॉक स्वतः पाहून बटण दाबल्याशिवाय सुटू नये. डिकोडरच्या सीव्ही २९ या सेटिंगमधली साध्या डीसी विजेवर चालण्याची मुभाही बंद करावी, कारण डीसीसीचा संकेत नसताना रूळांवर साधा डीसी दाब आला, तर काही इंजिने कोणाच्याही आज्ञेशिवाय धावत सुटतात. माझ्या पॅनेलवर आता अशी पिवळ्या दिव्याची तीन बटणे आहेत, एकेका स्थानकासाठी एक. वीज आल्यावर मी हातात टॉर्च घेऊन प्रत्येक स्थानकापाशी जातो, शेवटचा डबा फाउलिंग मार्कच्या आत आहे की नाही ते पाहतो आणि मगच त्या स्थानकाचे बटण दाबतो.